जिवनबाई बोलायला बसली

जिवनबाईला बोलता येत नव्हतं असं नाही. बोलायची पाळीच तिच्यावर कधी आली नव्हती. शेजारी गोजरबाई राहत होती ना!

डोंगरकडा गावाच्या शिवाराला लागून असलेल्या त्या वस्तीत दोघी एकाच उन्हाळ्यात सुना म्हणून आल्या. गोजरबाई शेतकऱ्याच्या घरात, जिवनबाई भिंतीपलीकडच्या ख्रिस्ती गवंड्याच्या घरात. गोजरबाईची सासू होती तोवर जिवनबाईनं त्या घराचा उंबरा ओलांडला नाही, ओट्याशीच थांबायचं असा रिवाज होता. मग गोजरबाईच ओट्यावर येऊन बसू लागली. पीठ चाळायचं ते ओट्यावर, लेकराला पाजायचं ते ओट्यावर. सासू आतून ओरडायची, "घरात जागा न्हाई का तुला?" गोजरबाई म्हणायची, "आत गरम होऊन राहिलंय, माय." भर थंडीतसुद्धा तिला आत गरम व्हायचं.

आणि बोलणं! कुणाच्या म्हशीनं कुणाचा कडबा खाल्ला इथपासून कुणाची सून माहेराहून काय घेऊन आली इथपर्यंत, गोजरबाईच्या कानातून काही निसटायचं नाही आणि तोंडात काही थांबायचं नाही. हळद काढायला दोघी एकाच टोळीत जायच्या. जिवनबाईच्या वाट्याला 'व्हय', 'न्हाई' आणि 'मग गं?' एवढेच शब्द यायचे आणि तेवढ्यात तिचं मजेत भागायचं. टोळीतल्या बायका म्हणायच्या, ह्या दोघींत मिळून तोंड एकच आहे.

अशा ह्या बाईनं एकदा आठवडाभर तोंड उघडलं नव्हतं.

जिवनबाईचा नवरा गेला तेव्हाची गोष्ट. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी बोलून जायचा. कुणी म्हणे देवाची मर्जी, कुणी म्हणे दवाखान्यात लवकर न्यायला पाहिजे होतं, कुणी स्वतःच्या मेव्हण्याचं दुखणं सांगत बसे. गोजरबाई आली, जिवनबाईशेजारी जमिनीवर बसली आणि गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी भाकरी आणायची, पुढ्यात ठेवायची आणि जिवनबाई खाईपर्यंत समोरून हलायची नाही. गोजरबाईचा घसा बसला असावा असं लोकांना वाटलं, एका म्हातारीनं तर तिला ज्येष्ठमधाची काडीही आणून दिली. ती तिनं गपचूप चघळली. आठवडा सरल्यावर मग एका सकाळी तिनं भिंतीवरून हाक मारली, "जिवने, तुह्या शेळीनं माही मेथी खाल्ली गं!" आणि जिवनबाईला, नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा, हसू फुटलं.

जिवनबाईच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, एका माणसाची गोष्ट आहे. त्याची गुरंढोरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोड उठले. त्याचे मित्र लांबून त्याला भेटायला आले, तर तो त्यांना ओळखूच येईना. त्याचं दुःख एवढं मोठं होतं, की ते त्याच्याजवळ मातीत सात दिवस बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. ही गोष्ट जिवनबाईला वडिलांनी लहानपणी सांगितली होती. ती स्वतः सांगायची तेव्हा पुढं जोडायची, "मग त्येंनी तोंडं उघडली आन सगळा घोटाळा केला. सात दिस मातर बराबर होते बिचारे." गोजरबाईनं ती गोष्ट ऐकलेली नव्हती. न ऐकताच ती त्या मित्रांच्या वरताण निघाली, असं जिवनबाईचं मत होतं, आणि हे मत ती चर्चच्या पाळकसाहेबांपुढंही मांडायला कचरत नसे.

यंदा हळदीची काढणी ऐन भरात असताना गोजरबाई बांधावरच कोसळली. उजवं अंग लुळं पडलं. नांदेडच्या दवाखान्यात जीव वाचला. पुढं काठीच्या आधारानं पाय ओढत का होईना टाकता येऊ लागला, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, "बोलणं येईल, पण त्यांनी बोलायला पाहिजे. गप्प बसू देऊ नका."

आणि गोजरबाई नेमकी गप्पच बसली. घरी आल्या दिवशी बघायला आलेल्या बायकांपुढं तिनं चहा मागायला तोंड उघडलं, तर भलताच आवाज निघाला. एक बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. गोजरबाईनं ओठ मिटले ते मिटलेच.

तिचा नवरा कधीच गेला होता. शेत दीर बघायचा, जाऊ चांगुणा त्याच अंगणात पलीकडच्या खोल्यांत राहायची. भाकरतुकड्याची अडचण नव्हती. पण मुलगा शिवशंकर पुण्याकडं कंपनीत होता आणि त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्यानं जिवनबाईला फोन केला. "मावशी, पाडव्याला गाडी घेऊन येतो आन आईला घेऊन जातो. चुलतीवर किती दिवस भार टाकायचा? प्रियंकानं खोली तयार केली, नवे पडदे लावले. पिवळे, आईला आवडतात मनून." पोरगा वाईट नव्हता, बोलता बोलता त्याचाच आवाज कापत होता. "तिनं एकदा तोंडानं सांगितलं ना, की मला न्हाई यायचं, तर मी न्हाई नेणार. पण ती काहीच म्हणत न्हाई हो."

फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. गोजरबाईचा डावा हात बाजेच्या दोरीत रुतून बसलेला जिवनबाईला दिसला. अंगणातून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारण्यात जिचा जन्म गेला, ती बाई आता मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात, अनोळखी दारांमध्ये मुकी बसणार होती. 'न्हाई' एवढा एक शब्द पाहिजे होता. आणि तो पाडव्याच्या आत, मुलासमोर, तिच्याच तोंडून यायला पाहिजे होता.

आता आपली पाळी, असं जिवनबाईनं ठरवलं आणि गोजरबाईनं तिच्यासाठी जे केलं होतं, तेच तिनं करायला घेतलं. दिवसभर हळदीच्या खळ्यावर हळकुंडं वेगळी, गड्डे वेगळे करायचे आणि संध्याकाळी पिवळ्या हातांनीच येऊन बाजेशेजारी बसायचं. गप्प. मनातल्या मनात प्रार्थना करायची, पण ओठ हलू द्यायचे नाहीत. मोठ्या भक्तिभावानं तिनं हे गप्प बसणं चालवलं. आपण मैत्रिणीचं ऋण फेडतोय आणि शास्त्राप्रमाणंही चालतोय, असं तिला समाधान होतं.

गोजरबाई आधी तिच्याकडं बघत राहायची, मग आढ्याकडं, मग भिंतीकडं तोंड फिरवायची. एका संध्याकाळी तिनं डाव्या हातानं स्टीलचा गिलास भिरकावला. जिवनबाईनं तो उचलला, धुतला, पाणी भरून जागेवर ठेवला आणि पुन्हा गप्प बसली. गोजरबाईनं तो पुन्हा भिरकावला.

बाहेर पडताना चांगुणानं गाठलं. "का गं जिवनबाई, तू रोज येऊन का करून राहिलीस?"

"सोबत."

"सोबत? अगं, मयताला बसल्यासारखी बसून राहतीस तू! बाईला वाटत असंल आपण गेलोच, न् ही शेवटचं बसायला आली."

त्या रात्री जिवनबाई चुलीपुढं भाकरी थापता थापता थांबली. खरंच की. तिच्या घरात तेव्हा मरण झालं होतं. त्या गोष्टीतल्या माणसाच्या घरातही मरणच झालं होतं. इथं कोण मेलं होतं? इथं तर एक बाई जिवंत होती, कान शाबूत होते, आणि कधीपासून तिच्या कानात गावातली एक बातमी पडली नव्हती. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा कुठं ती भानावर आली.

दुसऱ्या दिवशी ती बोलायला बसली. आधी शास्त्र वाचून दाखवलं. गोजरबाई पानभर वाचून व्हायच्या आतच घोरायला लागली. झोप लागली हे बरंच झालं, पण बोलणं काही त्यानं येणार नव्हतं. मग जिवनबाईनं खळ्यावरच्या बायकांना बातम्या विचारायला सुरुवात केली. बायकांचे हातच थांबले. "माय! जिवनबाई विचारून राहिली!"

पण आयुष्यभर नुसतं ऐकणाऱ्या बाईला बातमी सांगायची कशी हे कुठून माहीत असणार? टोळीतल्या बातम्या तिच्या डोक्यात शिरल्या आणि मिसळभाजीसारख्या एक झाल्या.

"खालच्या आळीचे व्यंकटराव हाईत ना," तिनं सुरू केलं, "त्येंची म्हैस व्याली. तर त्येंचा जावई तिला घेऊन नर्सीला गेला."

गोजरबाईनं मान वळवली. व्यंकटरावांना दोन मुलगे, मुलगी नाहीच. म्हैस त्यांच्या भावाची. आणि व्यालेली म्हैस नर्सीला कोण नेतं?

"अं! अं!" गोजरबाईनं डावा हात जोरजोरात हलवला.

"व्हय ना," जिवनबाईला हुरूप आला. "लई गुणाचा जावई. म्हशीला टेम्पोत पुढं बसवलं आन सोता मागं बसला."

गोजरबाईच्या मानेच्या शिरा फुगल्या. ओठ एका बाजूला ओढले गेले, जीभ दातांवर आपटली. "ये... ये..." आणि मग खणखणीत, "येडी!"

जिवनबाई उठून अंगणात धावली. "चांगुणे! मला येडी म्हणली! बराबर म्हणली गं!"

चांगुणा पिठाच्या हातांनी पळत आली. "बाई, मला बी म्हणा की! एकडाव म्हणा, मला बी येडी म्हणा!" पण तिला बघताच गोजरबाईचे ओठ पुन्हा मिटले. दुसऱ्या कुणापुढं तोंड उघडायची तिची छाती होईना.

तरी रस्ता सापडला होता. जिवनबाई रोज एक चुकीची बातमी घेऊन जाऊ लागली. आधी ती आपोआप चुकायची. हळूहळू ती मुद्दाम चुकू लागली, आणि इथं तिच्या मनाला टोचणी लागली. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात वजनाच्या काट्यावर बोट ठेवलं नाही, ती रोज दिवेलागणीला खोटं सांगत होती. रविवारी उपासना झाल्यावर तिनं पाळकसाहेबांना गाठलं. हे दिपक पाळक तरुण होते, कळमनुरीहून फटफटीवर यायचे.

"पाळकसाहेब, मी रोज खोटं बोलून राहिले."

पाळकसाहेबांचा कप ओठाशीच थांबला. "तुम्ही? कुणाशी?"

"गोजरबाईशी."

"कशाबद्दल?"

"व्यंकटरावाच्या जावयाबद्दल."

"काय केलं त्या जावयानं?"

"त्येंना जावई न्हाईच की. म्या केलाय त्यो."

सगळं ऐकेपर्यंत पाळकसाहेबांचा निम्मा चहा बशीत सांडला होता. पण हसू आवरल्यावर त्यांनी गंभीरपणे विचार केला. "त्यात कुणाची बदनामी होते का?"

"उलट! काल तर त्याला मी तलाठी केलं."

"आणि खरं काय ते गोजरबाईंना माहीत असतं?"

"तिलाच त माहीत असतं. मला कुठं माहीत?"

"मग एक करा," पाळकसाहेब म्हणाले. "तिथून उठायच्या आधी खरं काय ते समोर आलंच पाहिजे. त्याशिवाय उठायचं नाही."

हे बंधन जिवनबाईनं कडक पाळलं. खोटं सांगून झालं की ती पदर खोचून बसायची आणि म्हणायची, "बोल आता, खरं का? तू सांगितल्याबिगर मी उठत न्हाई. मला प्रभूला तोंड दाखवायचंय." मग गोजरबाई लागायची कामाला. "जावई... न्हाई. ल्योक. ल्योक... दोन." एकेका शब्दाला घाम फुटायचा. कुठल्या शब्दाशी ती अडखळली आहे हे जिवनबाईला दिसायचं, शब्द तिच्या ओठांवर तयार असायचा, पण ती तो द्यायची नाही. दिव्याच्या वातीकडं बघत बसायची. गोजरबाई शब्द सापडेपर्यंत चाचपडायची, आणि सापडला की असा फेकायची, जणू गिलासच.

व्यंकटरावांच्या कानावर हे गेलंच. एका सकाळी ते काठी टेकत अंगणात आले. "माह्या जावयाला तलाठी केलं मंतात! इतक्यावरच काहून थांबल्या बाई? कलेक्टर करून टाका!" गोजरबाई अर्ध्या तोंडानं खदखदा हसली. पण त्यांच्यापुढंही एक शब्द बोलली नाही.

पाडवा आला. गुढ्या उभ्या राहिल्या, शिवशंकर आला, पुरणपोळी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिवशंकरनं ठरवलेली हिरासिंगची भाड्याची जीप अंगणासमोर येऊन थांबली. शेजारपाजार जमला. शिवशंकर आईपुढं उकिडवा बसला. "आई, चलायचं ना?"

गोजरबाई गप्प.

जिवनबाईला राहवलं नाही. "तिला न्हाई यायचं रे शिवा. मला रोज सांगती."

"मावशी, राग मानू नका, पण मला तिच्या तोंडून ऐकू द्या. न्हाईतर उद्या मलाच वाटंल, शेजारणीचं ऐकलं आन आईला टाकून आलो."

बराबर होतं त्याचं. सगळे गोजरबाईच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि तेच वाईट झालं. तिचे ओठ हलले, थरथरले, मग एवढ्या चेहऱ्यांवरून तिची नजर फिरली आणि ओठ मिटले. शिवशंकरनं हळूच आईचं गाठोडं उचललं आणि जीपमध्ये ठेवलं.

जिवनबाई पाठ फिरवून घरात गेली. बिचारीला बघवत नसेल, असं सगळ्यांना वाटलं. थोड्या वेळानं ती कापडी पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीत दोन लुगडी, फडक्यात बांधलेलं शास्त्र आणि रक्तदाबाच्या गोळ्या. तिनं दाराला कडी-कुलूप घातलं, किल्ली चांगुणाच्या हातात दिली. "शेळीकडं बघ गं. शिवा, मागं बसू का पुढं?"

"तुमी? मावशी, तुमी कुठं?"

"ही जाईल तिथं मी. तुह्या घरात जागा नसंल तर जिन्यात झोपते."

शास्त्रात एक विधवा सून आहे. सासूनं परत जा, परत जा म्हटलं तरी तिनं साथ सोडली नाही, परक्या गावापर्यंत मागोमाग गेली. जिवनबाईला ती लहानपणापासून आवडायची. पण आत्ता ती आठवायलासुद्धा सवड नव्हती. कडी घातली आणि आली, एवढंच.

ती जीपमध्ये चढून बसली. गाडी उभीच होती, तरी डिझेलचा वास नाकात जाताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. गाडीत बसलं की जिवनबाईला कळमनुरीपर्यंतही धड जाता येत नाही, हे गावातल्या मांजरालाही माहीत होतं. डोळे गच्च मिटून, पदर नाकाला लावून ती बसून राहिली. पुणे कुठं राहिलं!

बाजेवर हालचाल झाली. गोजरबाईनं काठी ओढली आणि कुणाचा हात न घेता उभी राहिली.

"न्हाई!"

"उतर!" काठीचं टोक जिवनबाईकडं होतं. "तू... न्हाई!"

"आई?" शिवशंकर पुटपुटला.

"ही..." गोजरबाईच्या कपाळावर घाम आला. "ही... गाडीत... मरंल!"

एकदम हशा उठला. चांगुणा पुढचे शब्द सांगायला सरसावली, तसा जीपमधून जिवनबाईचा पिवळा हात वर झाला: थांब. सगळे थांबले. आता गोजरबाईला कुणाच्या चेहऱ्याची पर्वा नव्हती. स्वतःसाठी जो शब्द निघाला नव्हता, तो मैत्रिणीसाठी निघाला होता, आणि त्याच्या मागून बाकीचे येतच होते.

"ही... इथं. मी... इथं. तू... ये. सुटीला. परियंकाला... आण."

शिवशंकर ओट्यावर मटकन बसला. हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळलं नसेल. "न्हाई नेत, आई. न्हाई नेत."

"पडदे," गोजरबाई म्हणाली. "पडदे... पाठव."

हिरासिंगनं डोकं खाजवलं. "मंग मी रिकामा जाऊ का, काकू?"

"रिकामा... काहून?" गोजरबाईनं विचार केला. "औंढा!"

आणि खरंच सगळे औंढ्याला गेले. नागनाथाला जायचं गोजरबाईच्या कितीतरी दिवस मनात होतं, आता गाडी दारात होती. जिवनबाईला खिडकीशी बसवलं, हातात लिंबू दिलं, आणि ती वाटेत दोनदाच उतरली. गोजरबाई दरवेळी डाव्या हातानं तिची पाठ चोळायला खाली उतरायचा हट्ट धरायची. शिवशंकरला दोघींना सावरायचं म्हणजे काम होऊन बसलं.

देवळात जिवनबाई आत गेली नाही. बाहेर दुकानांच्या सावलीत सगळ्यांच्या चपला सांभाळत बसली, वारा खाल्ला, दोन घोट पाणी प्याली, तेव्हा तिच्या तोंडावर रंग आला. मुलाच्या खांद्यावर हात टाकून गोजरबाई बाहेर आली, कपाळाला भस्म. प्रसादातला नारळाचा तुकडा तिनं आधी जिवनबाईपुढं धरला.

बांगड्यांच्या दुकानातली बाई मघापासून बघत होती. "ह्या बहीण का तुमच्या?" तिनं गोजरबाईला विचारलं.

जिवनबाईचं उत्तर जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि नारळ चावत राहिली.

"बहीण... न्हाई," गोजरबाई म्हणाली.

"मग जाऊ?"

"न्हाई."

"विहीण?"

"थांब की... बाई! सांगू दे... मला!"

दुकानवाली हसली. आतून एक स्टूल ओढून तिनं पुढं ठेवलं. गोजरबाई काठी मांडीवर आडवी घेऊन ऐसपैस बसली, पदर सावरला. तिकडं सगळ्यांची वाट बघत हिरासिंगनं गाडी सुरू करून ठेवली होती. त्यानं गोजरबाईची ती बैठक बघितली आणि चावी फिरवून गाडी बंद केली.

"ऐक," गोजरबाई म्हणाली.